नवा नॅस घेण्याआधी तीन रात्रींचे लॉग वाचा

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात रावपुऱ्यात आमचा छापखाना आहे. पाच विंडोज संगणक, त्यातले दोन हिशेबाचे आणि तीन कोरलचे. दोन मॅक डिझाइनला. शिवाय एक जुना लिनक्स सर्व्हर, ज्यावर सगळ्यांचं सामायिक फोल्डर आहे. रोज रात्री सगळ्याचा बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, जातो आणि रविवारी नॅसवरून यूएसबी डिस्कवर. दोन महिने झाले, सकाळी मेल येतो, ‘कम्प्लीटेड विथ एरर्स’. परवा चुकांचा आकडा १,३१२ होता. यातली कुठलीही फाइल हाताने उघडली तर उघडते. संगणक बघणारा भाऊ म्हणतो, नॅस जुना झालाय, नवा घ्या, “पछी बधुं थई जशे, बेन” (मग सगळं होऊन जाईल, ताई). घ्यावा का?

ताई, नॅसचे पैसे तूर्त गल्ल्यातच राहू द्या. १,३१२ म्हणजे १,३१२ दुखणी नव्हेत. एखादं फोल्डर अडलं की त्याच्या पोटातली प्रत्येक फाइल वेगळी ओळ लिहिते, आणि रोबोकॉपीसारखा विंडोजवरचा नक्कल करणारा प्रोग्राम प्रत्येक फेरप्रयत्नाची पुन्हा नोंद करतो. माझा अंदाज, तुमच्याकडे पाच-सहा दुखणी आहेत आणि त्यातलं फार तर एखादं नॅसचं असेल. बावीस वर्षं मी मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आणि दांडिया बाजारातल्या सीएंच्या ऑफिसांत हेच काम करतोय. जिथे विंडोज, मॅक आणि लिनक्स एका छपराखाली नांदतात, तिथे बहुतेक चुका फाइलच्या आतल्या मजकुराच्या नसतातच. नावाच्या, परवानगीच्या किंवा वेळेच्या असतात.

आधी लागोपाठ तीन रात्रींचे लॉग, म्हणजे बॅकअपने लिहिलेल्या नोंदी, घ्या, एक्सेलमध्ये टाका आणि सॉर्ट करा. फाइलच्या नावावर नको, चुकीच्या मजकुरावर. हजार ओळींचे पाच-सहा ढीग होतील. मग प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारा: रोज तीच फाइल अडते की रोज वेगळी? रोज तीच, त्याच जागी अडत असेल तर दोष नावात नाहीतर परवानगीत. रोज वेगळ्या अडत असतील तर रात्री कोणीतरी त्या उघड्या ठेवतंय, किंवा वाटेतली केबल, स्विच, वायफाय झोल करतंय. आणि त्याच फाइल अडतात, वर दर आठवड्याला त्यांच्या शेजारच्या दोन-चार वाढत जातात, असं दिसलं तर डिस्क आजारी आहे.

त्या शेवटच्या ढिगाबद्दल आत्ताच सांगतो, कारण तिथे उशीर परवडत नाही. लिनक्सच्या किंवा मॅकच्या लॉगमध्ये ‘इनपुट/आउटपुट एरर’ किंवा विंडोजमध्ये ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असे शब्द असलेली एक जरी ओळ सापडली, तर बाकीच्या १,३११ तात्पुरत्या विसरा. ओळीत कुठला मार्ग छापलाय ते बघा. मूळ संगणकाचा असेल तर त्या संगणकाची डिस्क, नॅसचा असेल तर नॅसची. लिनक्सवर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदींत, त्याच वेळेची तक्रार मिळेल, आणि डिस्कची तब्येत सांगणारं ‘स्मार्टसीटीएल’ चालवून रीअलोकेटेड आणि पेंडिंग (बाद झालेल्या आणि संशयित) सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर त्या डिस्कवरून रोज रात्री बॅकअप रेटत राहू नका, दर वाचनाला ती आणखी थकते. ‘डीडीरेस्क्यू’ने एकदा पूर्ण प्रतिमा काढून घ्या आणि डिस्क बदला. ‘हाताने उघडली तर उघडते’ हा पुरावा इथे चालत नाही. कोरल उघडताना फाइलचा जेवढा भाग लागतो तेवढाच वाचला जाऊ शकतो. बॅकअप मात्र शेवटच्या बाइटपर्यंत वाचतो.

आता नावं. तुमच्या १,३१२ पैकी हजारभर इथेच सापडतील असं मला वाटतं. तुम्ही प्रश्नासोबत लॉगच्या ज्या ओळी पाठवल्यात, त्यातली एक ही:

दांडिया बाजार गणेशोत्सव मंडळ वार्षिक अहवाल मुखपृष्ठ मलपृष्ठ अंतिम दुरुस्त नवीन प्रत छपाईसाठी.सीडीआर

पुढे चूक अशी: ‘फाइल नेम टू लाँग’. विंडोजवर मात्र हीच फाइल सुखाने नांदते. मी मोजून बघितलं. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. तशी या नावात देवनागरीची ८० चिन्हं, १२ मोकळ्या जागा आणि शेवटी टिंबासकट इंग्रजी एक्स्टेन्शनची ४, अशी एकूण ९६. विंडोजची एनटीएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) एका नावाला अशी २५५ चिन्हं देते, त्यामुळे तिला काहीच अडचण नाही. लिनक्सची ईएक्सटी४ सुद्धा २५५ च देते, पण चिन्हं नव्हे, बाइट. लिनक्सवर नावं ज्या पद्धतीने साठवतात त्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ८० गुणिले ३ म्हणजे २४०, अधिक १६. झाले २५६. तुमची फाइल एका बाइटने अडलीय! कोणीतरी त्यात ‘नवीन’ हा शब्द घातला नसता तर २४३ बाइटमध्ये गेली असती.

म्हणजे नुसतं देवनागरीत नाव लिहायचं तर लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं मिळतात. गुजरातीचंही तेच, तीही ३ बाइटचीच. इंग्रजीत नावं देणाऱ्या ऑफिसात हा प्रश्न कधी दिसत नाही, म्हणून संगणकवाल्या भावांनाही तो चटकन सुचत नाही. आणि नॅसवरचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर आणखी गळा आवळला जातो. बऱ्याच नॅसवर एन्क्रिप्शनसाठी ‘ईक्रिप्टएफएस’ वापरलेलं असतं, त्यात नावाला साधारण १४३ बाइटच मिळतात, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. ‘वार्षिक अहवाल मुखपृष्ठ अंतिम’ एवढ्यातच त्यातली निम्म्याहून जास्त संपतात. तुमचं फोल्डर एन्क्रिप्टेड आहे का ते आधी बघा, कारण तसं असेल तर एका फटक्यात शेकडो ओळींचा उलगडा होईल. उपाय दोनच, नावं आखूड करा किंवा बॅकअप एका मोठ्या फाइलीत, टार किंवा झिपमध्ये, बांधून पाठवा. नव्या नॅसने यात काडीचाही फरक पडणार नाही. तोही बहुधा लिनक्सवरच चालणारा असेल.

लांबीची दुसरी मर्यादा विंडोजची स्वतःची आहे, आणि ती नावाची नव्हे, पूर्ण मार्गाची: २६० चिन्हं. सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव, वर्ष, ग्राहक, काम, उपकाम, मग फाइल, हे सगळं मिळून. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीत ‘लाँग पाथ्स एनेबल्ड’ करता येतं, पण ते मानायचं की नाही हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः ठरवतो, आणि एक्सप्लोरर अजून कुरकुरतो. गंमत अशी की रोबोकॉपी हे लांब मार्ग बिनतक्रार नेतो. त्यामुळे बॅकअप होतो, पण गरज पडली तेव्हा विंडोजवरून नॅसवरची ती फाइल उघडतही नाही आणि पुसताही येत नाही. असं झालं तर मधल्याच एखाद्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर द्या. मार्ग तेवढा आखूड होतो आणि फाइल हाती लागते.

आता तुमच्या प्रश्नातली दुसरी तक्रार, जी तुम्ही ओघात लिहिलीत आणि मला सगळ्यात जास्त आवडली: ‘नॅसवर रावपुऱ्याचा गणपती या नावाची दोन फोल्डर दिसतात, अक्षर न अक्षर सारखी, एकात जुन्या फाइल, एकात नव्या.’

ही करामत आपल्या ‘ऱ’ची आहे. हो, ज्याच्या खाली टिंब असतं त्या ‘ऱ’ची, जो रावपुऱ्यात, मकरपुऱ्यात, वऱ्हाडात आणि दुसऱ्यात येतो. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर सरळ ‘ऱ’ हे एकच चिन्ह, ३ बाइटचं. किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हं, ६ बाइटची. डोळ्यांना दोन्ही सारखेच, आणि युनिकोडच्या नियमांनीही सारखेच मानायचे. पण लिनक्सची फाइलसिस्टिम अर्थ बघत नाही, बाइट बघते. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. मॅकची जुनी फाइलसिस्टिम, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच अक्षरं अशी फोडून ठेवायची. २०१७ मध्ये हाय सिएराबरोबर आलेली एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते आणि दोन्ही रूपं एकच मानते. तुमचा एक मॅक जुना आहे, म्हणजे त्याची डिस्क बहुधा एचएफएस प्लसच असेल. दिवसा डिझायनर फाइंडरमधून नॅसवर फोल्डर ओढून टाकतो तेव्हा मॅक ते नाव जोडून पाठवतो. रात्री आरसिंक, म्हणजे मॅक-लिनक्सवरचा नक्कल करणारा प्रोग्राम, एसएसएचवरून डिस्कवरचं नाव जसंच्या तसं, फोडलेलं पाठवतो. झाली दोन फोल्डर.

यावर आरसिंकला ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय देतात आणि मॅकच्या बाजूला ‘यूटीएफ-८-मॅक’, दुसऱ्या बाजूला ‘यूटीएफ-८’ असं सांगतात. पण हा पर्याय आरसिंकच्या ३.० पासूनचा, २००८ चा. मॅकमध्ये आयता मिळणारा आरसिंक कित्येक वर्षं २.६.९ वरच अडकून होता, तो ही भाषाच जाणत नाही. ताजा आरसिंक वेगळा बसवून घ्यावा लागतो. आधीच तयार झालेली जुळी नावं सुधारायला लिनक्सवर ‘कॉनव्हएमव्ही’ नावाचं छोटं साधन आहे. त्याला ‘एनएफसी’, म्हणजे जोडलेलं रूप, सांगितलं की तो फोडलेली नावं जोडून देतो. मुळात तो फक्त काय करणार ते दाखवतो, ‘नो-टेस्ट’ म्हटल्याशिवाय हात लावत नाही. ती यादी आधी निवांत वाचा. जोडलेल्या नावाचं फोल्डर तिथे आधीच असेल, तर दोन्हींतल्या फाइल तुम्हालाच एकत्र कराव्या लागतील.

आणि एक तिसरं रूपही आहे, त्याने मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय. काही कीबोर्डवर हाच ‘ऱ्य’ साधा र, हलंत आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने उमटतो. दिसायला हुबेहूब. पण युनिकोड याला बाकीच्या दोघांचा भाऊ मानत नाही, त्यामुळे कॉनव्हएमव्हीचाही इलाज चालत नाही. ते नाव हातानेच बदलावं लागतं. त्या संध्याकाळी मी दोन नावं शेजारीशेजारी हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटच्या रूपात, उघडली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, तोपर्यंत बायकोने आणलेली शेव-उसळ थंडगार.

नावांतला तिसरा उपद्रव चिन्हांचा. विंडोज नावात प्रश्नचिन्ह, तारा, कोलन, दोन्ही बाजूंचे स्लॅश, कोनी कंस, उभी रेघ आणि दुहेरी अवतरण चालू देत नाही. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको म्हणते. मॅक आणि लिनक्स हे जवळजवळ सगळं पोटात घालतात. मॅकवर फाइंडरमध्ये तर ‘पत्रिका १२/०५’ असा स्लॅश सर्रास घालता येतो, कारण आतल्या आत तो कोलन म्हणून साठवला जातो. आरसिंकने तो लिनक्सवर गेला की कोलन होऊन उतरतो, आणि सांबामधून (लिनक्सची फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) विंडोजला दाखवताना त्या नावाचं आखूड आणि मध्ये टिल्डवालं (~) काहीतरी कडबोळं होतं. लग्नसराईत तुमच्याकडे तारखेच्या किती फाइल होत असतील याची मला कल्पना आहे! डिझायनरला सांगा, तारखेत स्लॅशऐवजी आडवी रेघ. एवढ्याने मोठा ढीग जाईल.

छापखान्यांत आणखी एक खास गोष्ट मी पाहिलीय. प्रिंटच्या फाइल ठेवायला मॅकवर ‘पीआरएन’ नावाचं फोल्डर करतात. हा शब्द विंडोजने डॉसच्या काळापासून प्रिंटरसाठी राखून ठेवलाय. तसेच ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’, आणि कॉम व एलपीटी पुढे १ ते ९. या नावाच्या फोल्डरची विंडोजवरून नीट नक्कल होत नाही, आणि लॉगमध्ये मात्र भलत्याच शब्दांत चूक लिहिली जाते. ‘प्रिंट’ म्हणा, संपलं.

बाकीचं भराभर सांगतो. लिनक्सला ‘लोगो’ हे नाव इंग्रजी मोठ्या एलने आणि लहान एलने, अशा दोन वेगळ्या फाइल वाटतात, विंडोजला एकच. दोन्ही नॅसवरून विंडोजवर परत आणताना एक दुसरीवर बसते. ‘मल्टिबाइट’ हा शब्द असलेली चूक दिसली तर ती जुन्या झिपमधून आलेल्या, यूटीएफ-८ नसलेल्या नावांची आहे. तिथेही कॉनव्हएमव्हीच. टिंब-अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या फाइल आणि ‘डीएस स्टोअर’ या मॅकच्या शेपट्या. डीएस स्टोअर सरळ वगळा. टिंब-अधोरेषावाल्या मात्र वगळण्याआधी विचारा, जुन्या पोस्टस्क्रिप्ट फाँटचा जीव कधी कधी त्यांच्यातच असतो, आणि छापखान्यात जुने फाँट लागतातच. सर्व्हरवर सांबाला ‘कॅटिया’, ‘फ्रूट’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सअॅटर’ ही तीन मॉड्युल लावली की मॅक-विंडोज नावांची बरीच भांडणं मिटतात. पण चालू शेअरवर एकदम लावू नका. आधीच्या नावांचं दिसणं बदलतं, आणि बॅकअपला वाटतं की सगळ्याच फाइल नव्या आल्या. एका चाचणीच्या फोल्डरवर करून बघा.

परवानगीच्या ढिगात शब्द नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे बॅकअप ज्या खात्याने चालतो त्याला त्या फाइलचा हक्क नाही. एनएफएसवर, म्हणजे लिनक्सच्या फाइल-वाटपात, हे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या बाबतीतही होतं, कारण समोरचा सर्व्हर रूटला मुद्दाम ‘नोबडी’ करून टाकतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे मॅकवर दिसलं तर प्रकरण वेगळं. २०१८ च्या मोहावेपासून मॅक म्हणतो, तू रूट असलास तरी मेलमध्ये, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्समध्येही, विचारल्याशिवाय डोकावू नकोस. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘फुल डिस्क अॅक्सेस’ द्या, आणि तो ज्या प्रोग्रामने बॅकअप प्रत्यक्ष सुटतो त्यालाच द्या. टर्मिनलला देऊन हाताने चालवलं तर चालतं, रात्री क्रॉनने, म्हणजे वेळापत्रकाने, चालवलं की पुन्हा अडतं, ही तक्रार मला वर्षातून दोन-तीनदा तरी येते.

विंडोजवर याच जातीचा घोटाळा ड्राइव्हच्या अक्षराचा. दिवसा तुम्हाला झेड ड्राइव्ह दिसतो. रात्री टास्क शेड्युलर दुसऱ्या खात्याने काम सुरू करतो, त्या खात्याला झेड माहीतच नाही. तिथे अक्षर न वापरता दोन उलट्या स्लॅशने सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहा, आणि नॅसचं नाव-पासवर्ड त्या खात्यात साठवा. एखादा विंडोज संगणक नवा घेतल्यापासूनच नॅसला ओळखत नसेल, तर तो एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-वाटपाच्या भाषेच्या, पिढ्यांचा वाद असतो. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ च्या भगदाडातून येऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ येईनासा झाला. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर संदेशावर डिजिटल सही (एसएमबी सायनिंग) असल्याशिवाय सहसा बोलतच नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करा. विंडोजवर एसएमबी १ परत चालू करा असा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. मात्र तुमचा नॅस इतका जुना असेल की त्याला एसएमबी २ येतच नाही, तर भावाचं म्हणणं मी मान्य करीन. तेवढ्यासाठी नवा नॅस घ्यावा.

उघड्या फाइलींचा ढीग रोज बदलतो. विंडोजवर कोरल, टॅली, आउटलुक चालू राहिलं की ‘दुसरा प्रोग्राम वापरतोय’ म्हणून फाइल कुलूपबंद. इथे रोबोकॉपीची एक खोड माहीत हवी. काही सांगितलं नाही तर तो दर अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो, दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबून. हिशेब करा, ३ कोटी सेकंद, म्हणजे ३४७ दिवस. एका आउटलुकच्या फाइलपायी! बॅकअप रात्रभर ‘अडकला’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच असतो. आर दोन, डब्ल्यू पाच (दोन फेरप्रयत्न, मध्ये पाच सेकंद) एवढं त्याच्या आज्ञेत घाला. खरा उपाय म्हणजे विंडोजची शॅडो कॉपी वापरणारं बॅकअप सॉफ्टवेअर. ते चालू फाइलचीही त्या क्षणाची प्रत काढतं. टॅलीसाठी मात्र मी त्यावरही विसंबत नाही. संध्याकाळी हिशेबनीसाने टॅलीच्याच बॅकअप पर्यायातून प्रत काढावी आणि रात्री ती प्रत जावी.

लिनक्स इथे उलटा वागतो. तो कुलूप बघतच नाही. फाइल लिहिली जात असतानाच तिची अर्धवट नक्कल काढतो, आणि काही वेळा कुठेच चूक नोंदवत नाही. सामायिक फोल्डर लिनक्सवर आहे, तेव्हा तिथला बॅकअप सगळे घरी गेल्यावरच ठेवा. ‘फाइल हॅज व्हॅनिश्ड’ अशा ओळी मात्र बिनधास्त सोडा. इनडिझाइन आणि ऑफिस काम चालू असताना कुलुपाच्या इवल्याशा फाइल बनवतात आणि पुसतात, त्यांच्या त्या.

मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टकडेही एक नजर टाका. रोबोकॉपी शेवटी जो आकडा देतो त्यात ८ च्या आत सगळं ठीक असतं. १ म्हणजे तर ‘फाइल व्यवस्थित नेल्या’. पण बऱ्याच स्क्रिप्ट शून्य सोडून काहीही आलं की ‘एरर’ लिहितात. आरसिंकचा २४ म्हणजे फाइल गायब झाल्या, सोडा. २३ म्हणजे काही गेलं नाही, बघा.

रविवारच्या यूएसबी डिस्कचं मी अंदाजाने सांगतो: ती दुकानातून आली तशीच एफएटी३२ या जुन्या फाइलसिस्टिमची आहे. त्यात ४ जीबीची फाइल बसत नाही, आणि तुमच्या फ्लेक्सच्या काही फाइल त्याहून मोठ्या असणार. शिवाय तिथे वेळेची नोंद दोन-दोन सेकंदांनी होते, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला फाइल बदललीय असं वाटून दर रविवारी बरंचसं पहिल्यापासून जातं. तिच्यावरचं दुसरीकडे काढून एक्सफॅट करा. डिस्क फक्त लिनक्सलाच लागणार असेल तर ईएक्सटी४.

आता मला खरी भीती वाटते ती गोष्ट, जी लॉगमध्ये येत नाही. आरसिंकला मूळ बाजू वाचताना चूक आली की तो सावधगिरीने नॅसवरच्या जुन्या फाइल पुसणं थांबवतो. त्यामुळे नॅस हळूहळू भरतो. मग कोणीतरी वैतागून ‘इग्नोर एरर्स’, म्हणजे चूक आली तरी पुसत राहा, असं लावतं. ते तुमच्याकडे लावलंय का ते आजच बघा, आणि असेल तर काढा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी स्वतः ‘डिलीट’ (मूळ बाजूला नाही ते नॅसवरूनही पुसा) लावलेली स्क्रिप्ट ठेवून आलो होतो. एका रात्री वीज गेली, सर्व्हर परत उठला, पण त्याची डेटाची डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे जोडलीच गेली नाही. स्क्रिप्टला मूळ फोल्डर रिकामं दिसलं, आणि तिने इमानेइतबारे नॅसही रिकामा केला. लॉग स्वच्छ, एकही चूक नाही. डेटाची डिस्क शाबूत होती म्हणून त्या दिवशी माझी अब्रू राहिली. तेव्हापासून माझी प्रत्येक स्क्रिप्ट आधी मूळ फोल्डरमध्ये एक ठरावीक फाइल आहे का ते बघते, नसेल तर पुढे जातच नाही. आणि एका रात्रीत किती फाइल पुसायच्या यालाही आरसिंकमध्ये ‘मॅक्स डिलीट’ने लगाम घालता येतो.

काम कधी करायचं? नावं बदलण्याचं काम चालू ऑफिसात करू नका. इलस्ट्रेटरच्या आणि इनडिझाइनच्या फाइलींत जोडलेल्या चित्रांचे मार्ग तुटतात, आणि डिझायनर तुमच्या नावाने शंख करेल. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस अख्खं बडोदं गच्चीवर असतं, मी अशी कामं तेव्हाच काढतो. चालू कामांची फोल्डर सोडा, पूर्ण झालेल्या कामांपासून सुरुवात करा. नावं बदलली की त्या रात्रीचा बॅकअप लांबेल, बदललेल्या नावाची प्रत्येक फाइल त्याला नवी वाटते. तेव्हा नॅसवर तेवढी जागा आधी मोकळी ठेवा.

नव्या नॅसबद्दल अजून एकच. तुमच्या फोटोत जुना नॅस तळमजल्यावर यूपीएसशेजारी जमिनीवर दिसतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा कुठे कुठे पाणी चढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नवा घ्या अगर न घ्या, तो आणि यूएसबीची डिस्क दोन्ही वरच्या मजल्यावर न्या, आणि जमलं तर रविवारची डिस्क तुमच्या घरी. तीन रात्रींचे लॉग सॉर्ट करून झाले की प्रत्येक ढिगाच्या पहिल्या दोन ओळी मला पाठवा. इनपुट/आउटपुटवाली एखादी सापडली तर पाठवायची वाट बघू नका, थेट फोन करा.